कविवर बनारसीदास : बिहोलिया कुळाचा वृत्तांत

कविवर बनारसीदास यांचे नाव जैन समाजात आदराने घेतले जाते ते ‘समयसार नाटक’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून. अध्यात्माच्या अभ्यासकांना त्यांची ही ओळख पुरेशी वाटते. परंतु बनारसीदासांनी आणखी एक काम करून ठेवले आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. आपले कूळ कोठून आले, आजोबांनी कोणाची चाकरी केली, वडील कोणत्या गावी वाढले, घरात कोण जन्मले आणि कोण कोणत्या साली गेले, हे सारे त्यांनी तिथीमितीसह लिहून ठेवले. संवत १६९८ मध्ये, म्हणजे इ.स. १६४१ च्या सुमारास, आग्रा येथे त्यांनी ‘अर्धकथानक’ ही ६७५ पद्यांची रचना पूर्ण केली. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी आपल्या चरित्राला अर्धे कथानक म्हटले. भारतीय भाषांतील हे आद्य आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते. हा ग्रंथ दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिला. पंडित नाथूराम प्रेमी यांनी तो १९४३ मध्ये मुंबईहून प्रकाशित केला. पुढे १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि जगभरच्या इतिहासकारांचे लक्ष त्याकडे गेले.

जैन कुळांचा पूर्वेतिहास शोधू पाहणाऱ्यास आपल्या परंपरेत साधनांची वाण नाही. धातूच्या आणि पाषाणाच्या प्रतिमांवर प्रतिष्ठा करविणाऱ्या श्रावकाचे नाव, ज्ञाती, गोत्र, पिता, पत्नी आणि पुत्र यांची नोंद सापडते. हस्तलिखित ग्रंथांच्या अखेरच्या प्रशस्तीत ग्रंथ लिहवून देणाऱ्याच्या दोन-तीन पिढ्या येतात. भाटांच्या वह्या आणि कुलगुरूंची दफ्तरे ही तर वंशावळीसाठीच असत. मात्र या सर्व साधनांत माणूस दिसतो तो पुण्यकर्माच्या क्षणी. त्याचे दिवाळे केव्हा निघाले, मूल कितव्या दिवशी दगावले, राजाच्या अधिकाऱ्याने त्याला फटके का मारले, हे प्रतिमेच्या पीठावर कोण कोरणार? बनारसीदासांनी नेमके तेच लिहिले, आणि म्हणूनच एका मध्यम ऐपतीच्या श्रीमाळ व्यापारी घराण्याची जितकी माहिती आपल्याला आहे तितकी त्या काळच्या अनेक सरदार घराण्यांचीही नाही.

त्यांनी आपल्या कुळाचा आरंभ रोहतकजवळच्या बिहोली गावापासून सांगितला आहे. तेथे राजपूत राहत असत. गुरूच्या उपदेशाने त्यांनी जैन धर्म स्वीकारला, ते श्रीमाळ म्हणवू लागले आणि गावावरून त्यांचे गोत्र बिहोलिया पडले. गावाच्या नावावरून कुळाचे नाव पडण्याची ही रीत महाराष्ट्रातील वाचकांना अपरिचित नाही. या मूळकथेनंतर काही पूर्वजांची नावे येतात, पण ती नावेच आहेत. ऐकीव माहिती जेथे संपते आणि घरातील माणसांची आठवण जेथे सुरू होते, तेथून वृत्तांत जिवंत होतो. तो आरंभ जिनदासांचे पुत्र मूलदास यांच्यापासून, म्हणजे कवींच्या आजोबांपासून होतो.

मूलदास हिंदी आणि फारसी शिकले होते. एका मोगल उमरावाचे मोदी म्हणून ते माळव्यात नरवर येथे गेले. उमरावाच्या वतीने देवघेव पाहावी आणि आपलाही व्यवहार सांभाळावा, असे ते काम होते. संवत १६०८ च्या श्रावणात त्यांना पुत्र झाला, त्याचे नाव खरगसेन. दुसरा पुत्र घनमल तीन वर्षांचा होऊन वारला आणि त्या दुःखाने संवत १६१३ मध्ये मूलदासही गेले. उमराव बाहेरगावी होता. तो परतला आणि त्याने मूलदासांचे घर, चीजवस्तू, सारे जप्त केले. विधवा आणि पाच वर्षांचा मुलगा अंगावरच्या वस्त्रांनिशी उरले.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. बनारसीदासांच्या सांगण्याप्रमाणे नरवरची जहागीर हुमायूनच्या उमरावाकडे होती. परंतु संवत १६०८ म्हणजे इ.स. १५५१, आणि त्या वर्षी हुमायून हिंदुस्थानाबाहेर होता. दिल्लीचे राज्य सूर घराण्याकडे होते आणि हुमायून ते १५५५ मध्ये परत मिळवू शकला. तेव्हा एक तर उमरावाची चाकरी नंतरची असली पाहिजे किंवा कुटुंबाच्या स्मृतीत एका बादशहाच्या जागी दुसऱ्याचे नाव येऊन बसले असले पाहिजे. नव्वद वर्षांपूर्वीची घटना, तीही आजीच्या तोंडून वडिलांनी आणि वडिलांच्या तोंडून मुलाने ऐकलेली. असे होणे स्वाभाविक आहे. वंशवृत्तांत वाचताना जन्ममृत्यूच्या तिथींवर अधिक विश्वास ठेवावा आणि राजांच्या नावांवर थोडा कमी, असा धडा यातून घेता येतो. घर तिथी विसरत नाही, कारण श्राद्ध, वाढदिवस आणि सोयरसुतक तिथीनेच चालतात.

निराधार माता मुलाला घेऊन जौनपूरला माहेरी आली. तिचे पिता मदनसिंह हे चिनालिया गोत्राचे श्रीमाळ जवाहिरी होते. त्यांना पुत्र नव्हता. त्यांनी मुलीला आणि नातवाला आसरा दिला आणि बिहोलिया कुळाचे गाव माळव्यातून गोमतीच्या तीरावर आले. बनारसीदासांनी जौनपूरचे वर्णन मोठ्या जिव्हाळ्याने केले आहे. तेथील सुलतानांची नावे, बाजारपेठा, छत्तीस प्रकारचे कसबी कारागीर, सारे क्रमाने येते. आजोळच्या आधाराने कूळ तगल्याची ही गोष्ट वंशावळीच्या वृक्षात दिसणार नाही, कारण तेथे पित्यामागे पिताच लिहिला जातो.

खरगसेन लहानपणीच नाणी पारखणे, सोने-चांदी तोलणे, खाते लिहिणे शिकले. पुढे किशोरवयातच ते बंगालला गेले. तेथे सुलेमान कररानी या पठाणाचे राज्य होते आणि त्याच्याकडे राय धन्ना नावाचे श्रीमाळ गृहस्थ दिवाणगिरी करीत. त्यांच्या हाताखाली पाचशे श्रीमाळ पोतदार म्हणून वसुलीचे काम पाहत असत, असे कवी सांगतात. खरगसेनांकडे चार परगणे आले. राय धन्ना शिखरजीची संघयात्रा करून परतले आणि सामायिकास बसले असता अकस्मात देवाघरी गेले. छत्र हरपताच सगळीकडे गोंधळ माजला. खरगसेन वेष पालटून, पायी चालत जौनपूरला पोहोचले. सुलेमान कररानीने बंगालवर १५६५ ते १५७२ या काळात राज्य केले, आणि संवत १६२६ मध्ये खरगसेन जौनपूरहून आग्र्यास गेल्याची नोंद आहे. म्हणजे हा भाग बाहेरच्या इतिहासाशी बरोबर जुळतो. स्वतः वडिलांनी पाहिलेले आणि मुलाला सांगितलेले असल्यामुळे येथे स्मृती पक्की आहे.

आग्र्यास खरगसेनांनी चुलते सुंदरदास यांच्या भागीदारीत व्यापार केला. मेरठच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. सुंदरदास वारले तेव्हा त्यांच्यामागे एकच कन्या होती. खरगसेनांनी तिचे लग्न लावून दिले आणि चुलत्यांची सारी संपत्ती तिला दिली. भाऊबंदकीची शेकडो प्रकरणे ज्या समाजात पंचांपुढे जात, त्या समाजातील ही गोष्ट आहे. आयुष्यभर पैशाच्या मागे धावलेल्या खरगसेनांच्या चरित्रातील ही नोंद विशेष मोलाची वाटते. त्यानंतर ते जौनपूरला परतले आणि रामदास या शैव अग्रवाल व्यापाऱ्याबरोबर जवाहिराचा धंदा करू लागले.

संवत १६३५ मध्ये त्यांना पहिला पुत्र झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. पुत्रप्राप्तीसाठी खरगसेन रोहतकच्या सतीच्या यात्रेला निघाले, वाटेत चोरांनी लुटले आणि अंगावरची वस्त्रे तेवढी राहिली. तरीही श्रद्धा ढळली नाही. काही वर्षांनी ते पुन्हा सतीला गेले. पुढे संवत १६४३ च्या माघ शुद्ध एकादशीस पुत्र जन्मला. त्याचे नाव ठेवले विक्रमाजित. काही महिन्यांनी मुलाला काशीला पार्श्वनाथांच्या दर्शनाला नेले. तेथील पुजाऱ्याने डोळे मिटून ध्यानाचा आव आणला आणि सांगितले की, पार्श्वप्रभूंच्या यक्षाची आज्ञा झाली आहे, प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव मुलाला द्यावे म्हणजे तो दीर्घायुषी होईल. घरच्यांनी ते मानले आणि विक्रमाजिताचा बनारसीदास झाला. प्रौढपणी हा प्रसंग लिहिताना कवींनी पुजाऱ्याचे ढोंग लपवले नाही, सतीच्या यात्रेत झालेली लूटही लपवली नाही आणि आईवडिलांची थट्टाही केली नाही.

लहानपणी संग्रहणीने आणि देवीच्या आजाराने त्यांना गाठले. आठव्या वर्षी पंतोजींकडे शिक्षण सुरू झाले. खैराबादच्या कल्याणमल यांच्या कन्येशी सोयरीक जमली आणि संवत १६५४ मध्ये, अकराव्या वर्षी, विवाह झाला. वधूला घेऊन वऱ्हाड घरी आले त्याच दिवशी घरात एक कन्या जन्मली आणि त्याच दिवशी वृद्ध आजी वारली. एक आली, एक जन्मली, एक गेली. सोयर आणि सुतक, मंगल आणि अमंगल एकाच उंबऱ्यात. बनारसीदासांनी तिन्ही नोंदी एकत्र लिहिल्या आहेत.

दुसऱ्याच वर्षी जौनपूरवर संकट कोसळले. सुभ्याचा अधिकारी नवाब किलीच खान याने नगरातील सर्व जवाहिऱ्यांना पकडून मोठी मागणी केली. देण्याजोगे काही नव्हते. तेव्हा त्यांना चोरांप्रमाणे बांधून चाबकाचे फटके मारले आणि अर्धमेले करून सोडले. सर्व जवाहिरी कुटुंबांसह गाव सोडून गेले. खरगसेन पावसात भिजत शहाजादपूरला पोहोचले, तेथे करमचंद माहूर या वाण्याने आपले घर रिकामे करून दिले. भरल्या धान्यासह घर देणाऱ्या या परक्या माणसाचे उपकार कवींनी बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या प्रपंचानंतरही नावानिशी नोंदले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याच शहाजादपुरात बालक बनारसीने कवड्या विकून पहिली कमाई केली. आजीने ती हाती घेऊन मिठाई आणली आणि सतीच्या नावाने वाटली.

तारुण्याचा काळ बनारसीदासांनी झाकून ठेवलेला नाही. चौदाव्या वर्षी पंडित देवदत्त यांच्याकडे त्यांनी कोश, ज्योतिष आणि अलंकार यांचे अध्ययन केले, खरतर गच्छाचे मुनी भानुचंद्र यांच्याकडेही ते शिकले. त्याच काळात ते विलासात बुडाले, वडिलांच्या घरातून रत्ने चोरू लागले आणि शृंगाराने भरलेला सुमारे एक हजार दोहे-चौपायांचा ग्रंथ त्यांनी रचला. सासुरवाडीस असताना शरीर विकाराने भरून गेले. अंगाला दुर्गंधी येऊ लागली, सगेसोयरे जवळ येईनात. पत्नी आणि सासू या दोघींनी त्यांची सेवा केली आणि एका नाभिकाच्या औषधाने ते बरे झाले. पुढे संवत १६६२ मध्ये गोमतीच्या पुलावर मित्रांना ती पोथी वाचून दाखवत असता त्यांच्या मनात पालट झाला आणि त्यांनी ती नदीत टाकली. महाराष्ट्रात काही दशकांनंतर इंद्रायणीत वह्या बुडाल्या, त्या दुसऱ्यांच्या विरोधामुळे. गोमतीत पोथी टाकली ती कर्त्यानेच, आणि ती पुन्हा वर आली नाही.

त्याच वर्षीच्या कार्तिकात आग्र्याहून बातमी आली की अकबर बादशहा वारले. बनारसीदास जिन्यावर बसले होते. ऐकताच भोवळ येऊन ते खाली पडले, कपाळ फुटले, अंगण रक्ताने माखले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. नगरात हाट बंद झाले, लोकांनी दागिने पुरले, श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे घातली. दहा दिवसांनी पत्र आले की शहाजादा सलीम तख्तावर बसला आहे, तेव्हा भय ओसरले. अकबराचा मृत्यू ऑक्टोबर १६०५ मधील, म्हणजे तिथी जुळते. पण दरबारी बखरींत न मिळणारी गोष्ट इथे आहे. बादशहा गेल्यावर एका परगावच्या व्यापारी वस्तीत लोक काय करीत, हे सांगणारा असा साक्षीदार दुर्मिळ.

संवत १६६७ मध्ये वडिलांनी जवाहीर, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्यास व्यापाराला पाठवले. बनारसीदास व्यापारात कच्चे निघाले. नाडीत बांधलेले रत्न गळून पडले, दुसरे उंदराने नेले, उधारी बुडाली. शेवटी एका कचोरीवाल्याकडे ते सहा-सात महिने उधारीवर जेवले. संध्याकाळी घरी दहा-वीस माणसे जमत आणि त्यांना ते ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ वाचून दाखवत. कचोरीवाल्याने ते ऐकले, पैशाचा तगादा लावला नाही. देणे झाले चौदा रुपये. पुढे खैराबादला गेल्यावर पत्नीने आपल्या जवळ लपवून ठेवलेले वीस रुपये हाती दिले आणि आपल्या आईकडून गुपचूप दोनशे रुपये मिळवून दिले. पुरुषांनी कूळ चालवले असे वंशावळी सांगतात. बिहोलिया कुळाचा वृत्तांत वाचता दर वळणावर कोणीतरी स्त्री उभी दिसते. पण त्या स्त्रियांची नावे मात्र ग्रंथात नाहीत. पत्नी ही कल्याणमलांची कन्या, माता ही खरगसेनांची पत्नी. इतक्या प्रामाणिक लेखणीलाही ती चौकट ओलांडता आली नाही.

संवत १६७३ मध्ये खरगसेन वारले. त्याच वर्षी आग्र्यात गाठीचा ताप पसरला. गाठ उठे आणि माणूस तत्काळ मरे, उंदीरही मरत, वैद्यांचा उपाय चालेना, लोक शहर सोडून पळाले. बनारसीदासही जवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. जहांगीरच्या स्वतःच्या रोजनिशीतही या साथीचे वर्णन आहे. बादशहाच्या आणि जवाहिऱ्याच्या लेखणीतून एकच मरी नोंदली गेली.

घरातील मरणे तर थांबलीच नाहीत. पहिल्या पत्नीला झालेली मुले एकामागून एक गेली. एकदा परगावी असताना घरून पत्र आले. त्यात पुत्र जन्मल्याची, तो आणि त्याची माता दोघेही गेल्याची आणि सासऱ्यांनी धाकट्या मुलीसाठी नारळ पाठवल्याने सोयरीक नक्की केल्याची, अशा सर्व बातम्या होत्या. ती दुसरी पत्नीही निवर्तली. तिसरा विवाह खैराबादच्याच बेगा साह यांच्या कन्येशी झाला. तीन पत्नींपासून सात पुत्र आणि दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली आणि नवांपैकी एकही जगले नाही. अखेरचा पुत्र नऊ वर्षांचा होऊन संवत १६९६ मध्ये गेला. त्या आघाताने ते फार खचले. दोनच वर्षांनी त्यांनी ‘अर्धकथानक’ लिहिले, हा क्रम विसरता येत नाही. पुढे कूळ सांगायला कोणी उरणार नाही हे स्पष्ट झाल्यावर कूळ लिहिले गेले.

दरम्यान त्यांच्या जीवनाला दुसरी दिशा लाभली होती. संवत १६८० मध्ये अर्थमल ढोर यांनी त्यांना आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’वरील पांडे राजमल्ल यांची भाषाटीका दिली. ती वाचून ते बाह्य आचारापासून तुटले, पण आतला अनुभव आला नाही. तीन मित्रांसह खोलीत विवस्त्र होऊन मुनी झाल्याचे सोंग करीत नाचण्यापर्यंत मजल गेली आणि लोक निंदा करू लागले. हा भ्रम बरीच वर्षे टिकला. संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले, तिहुना साहूंच्या मंदिरात उतरले आणि त्यांनी ‘गोम्मटसार’ समजावून दिला. गुणस्थानांचा क्रम कळला, निश्चय आणि व्यवहार यांचा मेळ स्याद्वादाने बसला. पुढच्याच वर्षी ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. आग्र्याच्या या अध्यात्ममंडळीत रूपचंद, चतुर्भुज, भगौतीदास, कुंवरपाल आणि धर्मदास असे मर्मज्ञ होते. या मंडळीच्या विचाराचा परिणाम उत्तर हिंदुस्थानातील दिगंबर समाजावर पुढे दीर्घकाळ राहिला.

‘अर्धकथानका’च्या शेवटी कवींनी आपल्या गुणदोषांची यादीच दिली आहे. कवित्व, क्षमाशीलता, अनेक भाषांचे ज्ञान हे गुण. दोषांत क्रोध अल्प असला तरी लक्ष्मीचा लोभ फार, घर सोडवत नाही, जप-तप-संयमाची आवड नाही, थोड्या लाभाने हर्ष आणि थोड्या हानीने चिंता, एकांत मिळाला की नाचू लागणे, नसलेली गोष्ट रंगवून सांगणे, अकारण भय वाटणे. वंशवृत्तांतात शेवटच्या पुरुषाची नोंद अशी लिहिली गेल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. ती लिहिली तेव्हा आग्र्याच्या घरात पती-पत्नी दोघेच होती.

त्यांच्या फुटकळ रचना त्यांच्या हयातीत एकत्र झाल्या नव्हत्या. त्या गोळा करण्यास पुत्र नव्हता, पौत्र नव्हता. संवत १७०१ मध्ये आग्र्याचे जगजीवन या अध्यात्मप्रेमी गृहस्थांनी त्या जमवल्या आणि त्या संग्रहाला ‘बनारसी विलास’ असे नाव दिले.